तेरावं कलम
(अहिल्यानगर इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या व्याख्यानाचा विषय छापून आला त्या दिवशी एका ओळखीच्या गृहस्थांचा मला फोन आला. म्हणाले, "बाई, नगर जिल्ह्यात शाळांचे प्रश्न काय कमी आहेत? तुम्ही थेट हवाई बेटांवर कशाला निघालात?" प्रश्न रास्त आहे. पण मी हवाईला नगरच्या रस्त्यानंच पोचले, तेव्हा आधी तो रस्ता सांगते.

१८१० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनकार्यासाठी एक बोर्ड स्थापन झालं. त्याला नुसतं 'अमेरिकन बोर्ड' म्हणायची पद्धत आहे. या बोर्डानं परदेशी पाठवलेल्या पहिल्या माणसांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीनं गेले. पुढच्याच वर्षी सिंथिया फरार नावाची एक अविवाहित शिक्षिका मुंबईला आली आणि नंतर इथं, तुमच्या-माझ्या नगरला, मुलींच्या शाळा चालवू लागली. जोतीराव फुल्यांनी ज्या शाळा पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी जिथं शिक्षिकेचे धडे घेतले, त्या या फरारबाईंच्या. १८४२ पासूनचा 'ज्ञानोदय' याच मिशनचा. रेव्हरंड टिळकांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं तेही याच मिशनच्या अंगणात. हे सगळं आपल्याला माहीत आहे.

आता त्याच बोर्डानं १८१९ च्या ऑक्टोबरात बॉस्टनहून आणखी एक जहाज सोडलं. 'थॅडियस' त्याचं नाव. ते १८२० च्या वसंतात हवाईला लागलं. म्हणजे एकाच कचेरीतून पत्रं निघायची, एक मुंबईला आणि एक होनोलुलूला. दोन्हीकडे उतरलेल्यांनी आधी तिथली भाषा शिकली, छापखाना टाकला आणि मग शाळा काढल्या. फरक पडला तो पुढे. इथं मिशनऱ्यांसमोर कोट्यवधींचा समाज होता, कंपनी सरकार होतं, शास्त्री-पंडित होते. तिथं एक छोटं स्वतंत्र राज्य होतं, आणि ते एका चमत्कारिक क्षणी उघडं पडलं होतं. जहाज लागण्याच्या काही महिने आधीच, १८१९ मध्ये, राजा लिहोलिहो आणि राणी काअहुमानू यांनी जुनी 'कापू' व्यवस्था, म्हणजे विटाळ-सोवळ्याचे सगळे नियम, स्वतःहून मोडली होती. राजानं बायकांच्या पंगतीत बसून जेवण केलं आणि व्यवस्था कोसळली. आपल्याकडे सहभोजनांना किती वर्षं लागली ते आठवा.

असो. मला आज एका शाळेबद्दल बोलायचंय आणि खरं सांगायचं तर एका मृत्युपत्रातल्या एका कलमाबद्दल. शाळेचं नाव कामेहामेहा स्कूल्स. तिचं वर्णन एका वाक्यात करायचं तर ख्रिस्ती मूल्यं आणि हवाईयन संस्कृती या दोन पायांवर उभी असलेली खासगी शाळा. तिच्याकडे आज सुमारे १५ अब्ज डॉलरची मालमत्ता आहे आणि साडेतीन लाखांहून जास्त एकर जमीन. जगात इतकी श्रीमंत शाळा हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच असेल. हे सगळं एका बाईनं लिहून ठेवलेल्या कागदातून आलंय.

तिचं नाव बर्निस पाउआही बिशप. जन्म १९ डिसेंबर १८३१. बेटं एकत्र करणाऱ्या पहिल्या कामेहामेहाची ती पणती. तिकडे 'हानाइ' नावाची रीत आहे. आपण तिला दत्तक म्हणू, पण आपलं दत्तक वारसासाठी असतं, हानाइ नातं जोडण्यासाठी असते. मूल एका घरात जन्मतं, दुसऱ्या घरात वाढतं आणि दोन्ही घरांचं राहतं. पाउआही अशीच राजघराण्यातल्या किनाऊकडे वाढली, आणि तिच्या आईवडिलांनी, पाकी आणि कोनिया यांनी, एक दुसरी मुलगी हानाइ घेतली. ती पुढे हवाईची शेवटची राणी झाली, लिलिउओकलानी. म्हणजे या दोघी बहिणी.

राजघराण्यातल्या मुलांसाठी १८३९ मध्ये एक निवासी शाळा काढली गेली आणि ती कूक नावाच्या दांपत्याच्या हाती दिली. कूक पतिपत्नी अमेरिकन बोर्डाचीच माणसं. पाउआही तिथं शिकली. इंग्रजी, बायबल, पियानो, शिवणकाम. लग्न ठरलं होतं लोट कापुआइवा या राजपुत्राशी. तिनं मात्र न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या चार्ल्स रीड बिशप या तरुणाशी १८५० मध्ये लग्न केलं, आईवडिलांची नाराजी पत्करून. लोट पुढे पाचवा कामेहामेहा म्हणून गादीवर आला. आयुष्यभर अविवाहित राहिला. डिसेंबर १८७२ मध्ये मरणाच्या दारात असताना त्यानं पाउआहीला बोलावून सांगितलं, गादी तू घे. ती नको म्हणाली. आपल्याकडच्या कादंबरीकारांच्या हाती हा प्रसंग लागला असता तर काय झालं असतं याचा मी विचार करते आणि तो लागला नाही याबद्दल देवाचे आभार मानते.

आता दोन आकडे ऐका, म्हणजे ती शाळेकडे का वळली ते कळेल. कॅप्टन कुक १७७८ मध्ये बेटांवर आला तेव्हा हवाईयन लोकांची संख्या काही लाख असावी असा बहुतेकांचा अंदाज आहे. १८९० च्या शिरगणतीत मिश्र रक्ताचे धरूनही ती चाळीस हजारांच्या आसपास उरली होती. गोवर, देवी, इन्फ्लुएंझा. आपल्याला जे आजार लहानपणी येऊन जातात त्यांनी तिथं घरंच्या घरं रिकामी केली. दुसरा कामेहामेहा, म्हणजे तोच लिहोलिहो, आणि त्याची राणी १८२४ मध्ये लंडनला गेले ते तिथंच गोवरानं वारले. पाउआहीच्या डोळ्यांदेखत तिचे लोक संपत होते. तिला स्वतःचं मूल नव्हतं.

आणि जमीन? १८४८. आपल्याला हे साल भिडेवाड्यामुळे पाठ आहे. त्याच साली हवाईत 'महेले' झालं, म्हणजे जमिनीची वाटणी. तोवर जमीन कुणाच्या मालकीची नव्हती, राजा आणि सरदार ती सांभाळायचे, रयत ती कसायची. महेलेनं तिला मालक दिले. राजा, सरदार आणि सरकार यांच्या वाट्याला जवळजवळ सगळी गेली. कसणाऱ्या रयतेला पुढच्या कायद्यानं हक्क दिला खरा, पण तिच्या पदरात एकूण जमिनीचा एक टक्कासुद्धा पडला नाही. सरदारांची घराणी एकामागून एक खुंटत गेली तशी त्यांची जमीन उरलेल्यांकडे गोळा होत गेली. शेवटी राजकन्या रूथ केएलिकोलानी हिच्याकडे साडेतीन लाख एकर साचली, आणि १८८३ मध्ये ती गेली तेव्हा ती सगळी तिच्या चुलतबहिणीकडे, पाउआहीकडे आली.

या रूथबाईंबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. देहानं थोरली, आवाजानं त्याहून थोरली. इंग्रजी कळायचं पण बोलायची नाही. कुणाला बोलायचं असेल तर त्यानं हवाईयनमध्ये बोलावं किंवा दुभाष्या आणावा. कोना किनाऱ्यावर राजवाडा होता, ही झोपायची शेजारच्या गवती घरात. जुने विधी तिनं सोडले नाहीत. १८८१ मध्ये लाव्हा हिलो शहराच्या वेशीशी आला तेव्हा ती जाऊन त्याच्यासमोर ओली म्हणजे मंत्रपठण करून आली, असं तिकडे अजून सांगतात. लाव्हा थांबला एवढं मात्र खरं. तर इंग्रजीला आणि मिशनला आयुष्यभर पाठ दाखवणाऱ्या या बाईची जमीन ज्या शाळेच्या पायात गेली, त्या शाळेचं ठरलेलं माध्यम इंग्रजी आणि ठरलेला धर्म प्रोटेस्टंट.

पाउआहीनं मृत्युपत्रावर सही केली ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी. वर्षभरात, १६ ऑक्टोबर १८८४ ला, ती कर्करोगानं गेली. वय बावन्न. मृत्युपत्रात कुणाला पैसे, कुणाला घर, नोकरचाकरांना तनखे, असं सगळं आहे. तेरावं कलम उरलेल्या सगळ्या इस्टेटीचं. त्यात ती म्हणते की हवाई बेटांवर दोन शाळा बांधाव्यात, एक मुलांची, एक मुलींची, दोन्हींत राहून शिकणारे आणि घरून येणारे असे विद्यार्थी असावेत, आणि त्यांना कामेहामेहा स्कूल्स म्हणावं. शिक्षण काय द्यावं? प्रथम आणि मुख्यतः सर्वसाधारण इंग्रजी विषयांचं चांगलं शिक्षण, शिवाय नीतीचं आणि ज्यानं चांगले, उद्योगी स्त्रीपुरुष घडतील अशा उपयुक्त ज्ञानाचं. उत्पन्नाचा काही भाग दरवर्षी अनाथ आणि गरीब मुलांसाठी खर्च करावा आणि तिथं शुद्ध किंवा मिश्र हवाईयन रक्ताच्या मुलांना प्राधान्य द्यावं. प्रवेशाचे नियम विश्वस्तांनी करावेत. आणि शाळांचे शिक्षक कायम प्रोटेस्टंट धर्माचे असावेत. पुढच्या, चौदाव्या कलमात विश्वस्तांचं आहे: ते पाच असावेत, रिकाम्या जागा सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी भराव्यात.

'कायम' हा शब्द लक्षात ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा की हवाईयन मुलांना प्राधान्य असा उल्लेख कलमात आहे तो अनाथ आणि गरिबांच्या मदतीच्या वाक्यात. शाळेच्या दारावर 'फक्त हवाईयन' अशी पाटी तिनं लावलेली नाही. तिला काय अभिप्रेत होतं हे तिच्या नवऱ्यानं पुढे सांगितलं, विश्वस्तांनी तसे नियम केले, आणि गेली सव्वाशेहून अधिक वर्षं ते चालत आलेत. मला आज जे सांगायचं आहे ते इथंच आहे. या कागदात जे शब्द ठसठशीत लिहिले होते त्यांतले काही गळून पडले. जे अर्धवट किंवा भलतीकडे लिहिलं होतं, त्याच्यासाठी हजारो लोक रस्त्यावर आले.

शाळा सुरू झाली १८८७ मध्ये. मुलींची १८९४ मध्ये. पहिले मुख्याध्यापक ओलेसन हिलोच्या निवासी शाळेतून आले. तिथली पद्धत होती हातकामाची. सुतारकाम, शेती, छपाई. ही पद्धत हवाईतून अमेरिकेत गेली होती बरं का. माउई बेटावर जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा सॅम्युएल आर्मस्ट्राँग यानं यादवी युद्धानंतर व्हर्जिनियात मुक्त झालेल्या काळ्या मुलांसाठी हॅम्प्टनची संस्था काढली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हिलोची शाळा होती. आणि हॅम्प्टनचा आदर्श परत फिरून कामेहामेहात आला. हवाईयन मुलगा चांगला सुतार, चांगला यंत्रकामगार व्हावा. डॉक्टर, वकील व्हावा असं त्या काळच्या विश्वस्तांना फारसं वाटलेलं दिसत नाही. मुलांना लष्करी गणवेश, रोज कवायत.

विश्वस्त कोण होते? पाउआहीचा नवरा, आणि बाकीचे मिशनरी वर्तुळातले किंवा त्यांच्या पुढच्या पिढीतले. १७ जानेवारी १८९३ ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणारा जो कट झाला, त्यातून आलेल्या सरकारात या पाचांतले दोघं होते. विल्यम स्मिथ ॲटर्नी जनरल, सॅम्युएल डेमन अर्थमंत्री. म्हणजे एका बहिणीच्या इस्टेटीचे विश्वस्त दुसऱ्या बहिणीचं राज्य घालवणाऱ्यांत. चार्ल्स बिशप पुढच्या वर्षी बेटं सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला तो तिथंच राहिला, १९१५ पर्यंत. राख मात्र हवाईत परत आली, बायकोच्या शेजारी.

१८९६ मध्ये नव्या सरकारनं कायदा केला की शाळेचं माध्यम इंग्रजीच असेल. त्याआधीच्या ७० वर्षांत काय झालं होतं पाहा. मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये हवाईयन लिपीतली अक्षरं चक्क मतदान घेऊन ठरवली. त आणि क यांत क जिंकला, र आणि ल यांत ल, ब आणि प यांत प. जुन्या कागदांत 'तामेहामेहा' दिसतं ते त्यामुळे. १८३४ मध्ये लाहाइनालुनाला पहिलं हवाईयन वर्तमानपत्र निघालं, आपल्या 'ज्ञानोदया'च्या आठ वर्षं आधी. १८३९ मध्ये संपूर्ण बायबल हवाईयनमध्ये आलं. पुढे शंभराच्या वर हवाईयन वर्तमानपत्रं निघाली. शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक प्रौढ लोक वाचायला शिकले होते. आणि अशी लिहिती-वाचती भाषा एका कायद्यानं शाळेबाहेर गेली. कामेहामेहातही मुलं हवाईयन बोलली तर शिक्षा व्हायची. मी स्वतः लहानपणी ज्या शाळेत होते तिथं मराठी बोललं की दंड असायचा, चार आणे. त्याचं आम्हाला काही वाटत नसे, कारण घरी, बाजारात, रेडिओवर मराठीच होती. हवाईयन मुलाला घरीच आईबाप सांगू लागले, बाबा, ही भाषा नको, इंग्रजी बोल. घरातून गेलेली भाषा शाळेनं परत आणणं किती अवघड ते आपल्या इंग्रजी माध्यमाच्या नातवंडांकडे बघून कळेल.

हुलाचं तसंच. हुला म्हणजे पर्यटकांसमोरचा नाच नव्हे. वंशावळ, देव, डोंगर, पाऊस यांच्या कविता, त्या मुखोद्गत म्हणायच्या आणि देहानं सांगायच्या. मिशनऱ्यांच्या नजरेला तो असभ्य वाटला. कामेहामेहात बसून केलेला हुला चालायचा, उभं राहून केलेला नाही. हा नियम १९६० च्या दशकापर्यंत होता. बसलेला धर्माला चालतो आणि उभा चालत नाही, यामागचं शास्त्र मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण आपल्याकडे लावणी बसून म्हटली की बैठकीची होते, तेव्हा फार हसू नये.

नोना बीमर नावाची विद्यार्थिनी १९३० च्या दशकात तिथं शिकत होती. घराणं हुलाचं. तिनं शाळेत उभ्यानं हुला आणि पठण सादर केलं म्हणून तिला शाळेतून काढलं. नंतर परत घेतलं. ही मुलगी मोठी झाली आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून आली, आणि जवळपास चार दशकं तिनं तिथं हवाईयन संस्कृती शिकवली. तिचं नाव मी पुन्हा घेणार आहे.

भाषेला बंदी, हुलाला बंदी, मग राहिलं काय? राहिलं गाणं. १९२१ मध्ये शाळेत वर्गावर्गांची गाण्याची स्पर्धा सुरू झाली, पुढच्या वर्षी मुलींची. आज ती दर वसंतात होनोलुलूच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये होते, १९६८ पासून टीव्हीवर दिसते. मी इंटरनेटवर पाहते. एक अख्खा वर्ग, म्हणजे चारशेच्या वर मुलं-मुली, उभा राहतो. वाद्य नाही. माईकनं आवाज वाढवणं नाही. समोर त्यांच्यातलंच एक पोर हात वर करतं, आणि चार पट्ट्यांमधला तो आवाज उठतो. ही चार आवाजांची रचना आली कुठून? चर्चमधून. मिशनऱ्यांनी शिकवलेल्या गीतांना हवाईयन लोक 'हिमेनी' म्हणू लागले, म्हणजे इंग्रजीतलं 'हिम', चर्चमधलं स्तोत्र, आणि त्या हिमेनीच्या साच्यात त्यांनी आपल्या राण्यांची, वाऱ्यांची, प्रेमाची गाणी ओतली. राणी लिलिउओकलानीनं राजवाड्यातल्या कैदेत, १८९५ मध्ये, रचलेली प्रार्थना याच वळणाची आहे. तिला कैदेत टाकणाऱ्यांसाठी तीत क्षमा मागितली आहे. आपले टिळक अभंगाच्या साच्यात ख्रिस्त ओतत होते, तिकडे उलट्या दिशेनं तेच चाललं होतं. म्हणून 'ख्रिस्ती' आणि 'हवाईयन' हे दोन शब्द शाळेच्या वर्णनात शेजारी बसलेले पाहून मला पूर्वी जो विरोध वाटायचा, तो ही स्पर्धा पाहिल्यापासून वाटेनासा झालाय. कागदावर तो आहेच. चारशे मुलांच्या गळ्यात तो सापडत नाही. त्या स्पर्धेत मातृभाषेच्या शुद्धतेसाठी वेगळं पारितोषिक आहे. भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करणाऱ्या शाळेत.

आता पैशाकडे येते, कारण मृत्युपत्राची खरी परीक्षा पैशानं होते.

सत्तर-ऐंशी वर्षं ही इस्टेट जमिनीनं श्रीमंत आणि रोखीनं बेताची होती. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्यानं द्यायची. ओआहू बेटावर हजारो लोक आपल्या घरात राहत आणि घराखालच्या जमिनीचं भाडं या शाळेला भरत. १९७१ मध्ये कालामा खोऱ्यात नवी वसाहत करायची म्हणून तिथल्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांना उठवलं. त्यांत हवाईयन कुटुंबं होती. हवाईयन मुलांच्या शाळेसाठी हवाईयन शेतकऱ्याला बाहेर काढायचं. आजच्या हवाईयन चळवळीचे लोक आपली सुरुवात तिथून मोजतात. हवाई आता अमेरिकेचं एक राज्य झालं होतं. मग त्या राज्याच्या सरकारनं १९६७ मध्ये केलेल्या कायद्याची लढाई अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये कोर्टानं निकाल दिला की मोठ्या मालकांकडून घरांखालची जमीन घेऊन ती राहणाऱ्यांना विकायला सरकारला मुभा आहे. शाळा हरली. आणि हरल्यामुळे तिच्याकडे रोख पैशाचा पूर आला. त्यातले ५० कोटी डॉलर नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स या पेढीत गुंतवले गेले आणि पुढे दुपटीहून अधिक होऊन परत आले.

पैसा आला की काय येतं ते सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात मी सांगायला नको. विश्वस्तांच्या नेमणुका राजकारणाच्या होऊ लागल्या. नव्वदच्या दशकात पाच विश्वस्तांपैकी प्रत्येकजण वर्षाला आठ-नऊ लाख डॉलर मानधन घेत होता. एक विश्वस्त शाळेच्या रोजच्या कारभारात इतका हात घालू लागली की शिक्षक भेदरून गेले. १९९७ मध्ये पहिलं उघड पत्र कुणी लिहिलं असेल? नोना बीमरनं. वय चौऱ्याहत्तरच्या आसपास. मग मे महिन्यात सुमारे हजार माजी विद्यार्थी, पालक, शिक्षक राजघराण्याच्या समाधीपासून ट्रस्टच्या कचेरीपर्यंत चालत गेले. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात एक लांबलचक निबंध आला. सही करणारे पाच जण, त्यांत एक फेडरल न्यायाधीश, एक निवृत्त न्यायाधीश, याच शाळेच्या माजी प्राचार्या, कायद्याचे एक प्राध्यापक आणि एक कॅथलिक धर्मगुरू. प्रोटेस्टंट शाळेचं भलं व्हावं म्हणून कॅथलिक पाद्री सही करतो, हे मला फार आवडतं. प्राप्तिकर खात्यानं करमाफी काढून घ्यायची तंबी दिली, १९९९ मध्ये सगळे विश्वस्त गेले. हवाईच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींपैकी चौघांनी आधीच जाहीर केलं होतं की आम्ही यापुढे विश्वस्त नेमणार नाही. तेव्हापासून ते काम वारसा न्यायालय करतं. म्हणजे मृत्युपत्रातला आणखी एक शब्द गळाला.

'कायम प्रोटेस्टंट' हा शब्द त्याआधीच गळाला होता. फ्रेंच शिकवायला बदली शिक्षिका म्हणून एका बाईंनी अर्ज केला. त्या प्रोटेस्टंट नव्हत्या. शाळेनं नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. शाळेचं म्हणणं, आम्ही धार्मिक संस्था, आम्हाला धर्म पाहून माणूस नेमायची मुभा आहे. १९९३ मध्ये अपील न्यायालयानं शाळा आतून-बाहेरून तपासली. मालकी कुठल्या चर्चची आहे का? नाही. विद्यार्थ्यांना धर्माची अट आहे का? नाही. गणित, विज्ञान, फ्रेंच हे विषय ख्रिस्ती दृष्टीनं शिकवले जातात का? नाही. प्रार्थना होतात, धर्मशिक्षणाचे तास आहेत, आवारात चॅपेल आहे. पण एवढ्यानं, कोर्ट म्हणालं, शाळा धार्मिक ठरत नाही. ती मूलतः लौकिक शाळा आहे, तिच्या परंपरेत प्रोटेस्टंटपण आहे इतकंच. विचार करा, शंभर वर्षं ख्रिस्ती म्हणवणाऱ्या शाळेला एक न्यायालय सांगतं, तुम्ही पुरेशा ख्रिस्ती नाही. यावर कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या वाचनात नाही. शाळेत आजही धर्मगुरू आहेत, त्यांना 'कहू' म्हणतात. हा जुना हवाईयन शब्द, अर्थ रखवालदार, सांभाळणारा. चर्चनं तो उचलला. चॅपेलमधली सकाळची प्रार्थना हवाईयनमध्येही होते. धर्म शिल्लक आहे, अट गेली.

मोर्चा निघाला तो प्रवेशासाठी. प्रवेशाचा नियम असा की ज्याच्या पूर्वजांत कुणीतरी हवाईयन आहे त्याला प्राधान्य. एक खापरपणजी असली तरी चालते, मात्र कागदानं दाखवावं लागतं. प्राधान्य असं नाव असलं तरी अर्ज इतके येतात की दुसऱ्यांसाठी जागा उरत नाही. २००२ मध्ये माउईच्या शाखेत एक जागा उरली आणि एका बिगरहवाईयन मुलाला प्रवेश मिळाला, तर पालकांच्या सभेत आरडाओरडा झाला. माझ्या मनाला ते लागलं. मुलाचा त्यात काय दोष?

२००३ मध्ये प्रवेश नाकारलेल्या एका मुलाच्या वतीनं, नाव गुप्त ठेवून, दावा झाला. आधार घेतला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना करार करता यावेत म्हणून केलेला हा कायदा. शाळा सरकारी पैसा घेत नाही, म्हणून दुसरे कायदे लागत नव्हते, पण शाळेचा प्रवेश हाही करारच. ऑगस्ट २००५ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं दोन विरुद्ध एक मतांनी नियम बेकायदा ठरवला. त्या आठवड्यात होनोलुलूत हजारो लोक लाल शर्ट घालून राजवाड्याच्या आवारात जमले. म्हातारे, पोरं, याच शाळेनं प्रवेश नाकारलेल्यांचे आईबापसुद्धा. डिसेंबर २००६ मध्ये पंधरा न्यायाधीश बसले आणि आठ विरुद्ध सात मतांनी निकाल फिरला. हवाईयन मुलं शिक्षणात मागं का आहेत, राज्य कसं गेलं, अमेरिकेच्या संसदेनं त्यांना वेळोवेळी वेगळं कसं वागवलं, हे सगळं बहुमतानं विचारात घेतलं. एका मताचं अंतर. सुप्रीम कोर्टात जाण्याच्या उंबरठ्यावर मे २००७ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. रक्कम नंतर बाहेर आली, ७० लाख डॉलर.

आपल्याकडे लगेच आरक्षणाची तुलना सुचते. मला ती नेमकी वाटत नाही. आरक्षण सरकारचं, सर्वांच्या पैशाचं. इथं पैसा एका घराण्याचा, जमीन एका जमातीच्या सरदारांनी सांभाळलेली, आणि ती जमात आपल्याच बेटांवर अल्पसंख्य. घटनेच्या तिसाव्या कलमाखाली चालणाऱ्या आपल्या अल्पसंख्याकांच्या शाळा त्याला जास्त जवळच्या. पण तिथंही प्रश्न तोच येतो, दार कुणासाठी आणि ते कोण ठरवणार.

टीका आणखी एका बाजूनं होते आणि ती मला जास्त गंभीर वाटते. होनोलुलूतल्या कापालामाच्या डोंगरउतारावर जवळपास ६०० एकरांचं मुख्य संकुल, माउई आणि हवाई या बेटांवर आणखी दोन. तिन्हींत मिळून मुलं पाच हजारांवर. हवाईयन मुलांतली बहुतेक सरकारी शाळांतच शिकतात. इतका पैसा, इतकी जमीन, आणि निवडक मुलांना प्रवेश, त्यांत परीक्षेत हुशार ठरलेल्यांना आधी. कलमातले ते अनाथ आणि गरीब कुठे गेले? गेल्या पंचवीस वर्षांत शाळेनं याचं थोडं उत्तर दिलंय. बालवाड्या वाढवल्या, हवाईयन माध्यमाच्या शाळांना पैसा दिला, अनाथ-गरिबांसाठी काही जागा ठरवल्या. हवाईयन माध्यम हा शब्द मी सहज वापरला, पण १९८४ मध्ये काही पालकांनी पहिली 'पूनाना लेओ' म्हणजे भाषेचं घरटं नावाची बालवाडी काढली तेव्हा बेटांवर मुलांशी हवाईयन बोलणारी घरं बोटांवर मोजावीत इतकी होती. ती बालवाडी या श्रीमंत शाळेनं काढलेली नव्हती, हेही सांगायला हवं.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा दावा दाखल झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठांची वंशाधारित प्रवेशपद्धत २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात पाडणारी जी संघटना, तीच आता कामेहामेहाच्या दारात उभी आहे. कायदा तोच, १८६६ चा. या वेळी तडजोड होईल असं दिसत नाही. तेव्हा ते तेरावं कलम पुन्हा वाचलं जाणार, आणि या वेळी ते वाचणारी माणसं पाउआहीच्या बेटांपासून आठ हजार किलोमीटर लांब वॉशिंग्टनला बसलेली असतील कदाचित.

दर १९ डिसेंबरला, तिच्या वाढदिवशी, शाळेची मुलं होनोलुलूतल्या माउना आला या राजसमाधीवर जातात. लेइ म्हणजे फुलांच्या माळा वाहतात, ओली होते, प्रार्थना होते, गाणी होतात. कुठलं ख्रिस्ती आणि कुठलं हवाईयन हे तिथं कुणी वेगळं करत नाही. त्या समाधीत एका बाजूला रूथ आहे, जिनं जमीन दिली आणि इंग्रजी बोलली नाही. जवळच पाउआही, जिनं ती जमीन इंग्रजी शाळेला दिली. आणि मुलं रूथच्या भाषेत गातात.

माझा वेळ संपला असं अध्यक्ष मघापासून घड्याळाकडे पाहून सांगताहेत. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त आधी मला कुणीतरी पाणी द्या.